बांधावरचं भांडण आणि अपकृत्याचा दावा: आधी प्रत्येक कृती सुटी करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गेल्या वर्षी ११ ऑगस्टला भर पावसात तुमच्या सोयाबीनमध्ये पाणी साचलं. ओढ्याला मिळणारी चारी शेजारच्या रानातून जाते, ती काट्याकुट्यांनी तुंबली होती. तुमचे ६२ वर्षांचे वडील फावडं घेऊन शेजाऱ्याच्या हद्दीत वीसेक फूट आत गेले आणि चारी मोकळी करू लागले. शेजारी भावकीतलाच, नात्यानं पुतण्या. तो खोरं उगारून धावत आला, त्यानं वडिलांना ढकललं, ते पडले आणि त्यांचं उजवं मनगट मुरगळलं. त्यांनी फोन काढला तर तो हिसकावून घेतला. मग ‘पाणीचोर सापडला’ म्हणत त्यांना पाण्याच्या मोटारीच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. ४० मिनिटांनी सरपंच आल्यावर कडी निघाली. फोन तीन दिवसांनी पोलीस पाटलांमार्फत परत आला, तोही काच फुटून. ठाण्यात शिवीगाळ आणि दमदाटीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली आणि घरी पाठवलं. तुम्ही स्वतः एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. तुम्ही विचारता की हेतुपुरस्सर अपकृत्यांचे (मुद्दाम केलेल्या, दिवाणी भरपाई मागता येते अशा टॉर्टचे) घटक पाठ आहेत, पण इथं नेमकं कोणतं लावायचं? आणि पुतण्या म्हणतो, ‘आण्णा माझ्या रानात घुसले होते, मी माझी मालमत्ता राखली’, तर हा बचाव टिकतो का?

मी २७ वर्षं तालुका आणि जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं चालवतो. तुमच्यासारखी माणसं येतात तेव्हा सगळा प्रसंग एका शब्दात सांगतात: ‘भांडण झालं’. अपकृत्याच्या कायद्यात भांडण नावाचं काहीच नाही. तिथं खोरं उगारणं ही एक कृती, ढकलणं दुसरी, फोन हिसकावणं तिसरी, कडी लावणं चौथी, ‘पाणीचोर’ म्हणणं पाचवी. वडिलांचं त्याच्या हद्दीत जाणं ही सहावी, आणि ती तुमच्या विरुद्ध जाते. प्रत्येकीचे घटक वेगळे, बचाव वेगळा, आणि मुदतही वेगळी.

मुदतीचं आधी सांगतो, कारण तुमच्या हातात दोनच महिने उरलेत. १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुसूचीत बेकायदा डांबून ठेवल्याच्या भरपाईसाठी एकच वर्ष आहे, अनुच्छेद ७३. ते वर्ष डांबणं संपल्यापासून मोजतात. तोंडी बदनामीलाही एक वर्षच, अनुच्छेद ७६. जमिनीवरच्या अतिक्रमणाला मात्र तीन वर्षं आहेत, जंगम वस्तू हिरावल्याला तीन. मारहाणीच्या दिवाणी दाव्याला स्वतंत्र अनुच्छेद नाही, म्हणून तो शिल्लक राहिलेल्यांच्या ११३ मध्ये जातो आणि त्यालाही तीन वर्षं मिळतात. लोक ‘तीन वर्षं आहेत’ एवढंच ऐकतात आणि थांबतात. मग दाव्यातला सगळ्यात भक्कम भाग, म्हणजे ती कडी, मुदतीबाहेर जातो. तुमचा दावा १० ऑगस्टच्या आत न्यायालयात दाखल झालेला हवा. आणि तो एकच हवा. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २ नियम २ सांगतो की एकाच वादकारणातली (ज्या घटनेवरून दावा उभा राहतो तिच्यातली) सगळी मागणी एकत्र करायची. जी सोडाल ती पुन्हा मागता येत नाही.

आता ‘हेतू’. परीक्षेत इथंच बहुतेकांचे मार्क जातात आणि न्यायालयात इथंच दावे भरकटतात. हेतुपुरस्सर अपकृत्यातला हेतू म्हणजे वाईट मनसुबा नव्हे. ती कृती समजून-उमजून केली का, आणि तिचा तो तात्काळ परिणाम त्याला हवा होता किंवा होणारच हे दिसत होतं का, एवढंच बघायचं. द्वेष होता का, पश्चात्ताप झाला का, हे भरपाईच्या रकमेपाशी येतं, जबाबदारीपाशी नाही. १६८१ चा बेझ्ली विरुद्ध क्लार्कसन हा इंग्लिश खटला आपल्याकडच्या बांधाच्या वादाशी इतका जुळतो की मी तो नेहमी सांगतो. एकानं आपलं गवत कापता कापता चुकून शेजाऱ्याचंही कापलं. तो म्हणाला, मला माझंच वाटलं. न्यायालयानं ऐकलं नाही, कारण कापण्याची कृती त्यानं मुद्दामच केली होती. चूक मालकीबद्दलची होती. आपल्याकडे नांगर बांधापलीकडे गेला, बांध कोरला गेला, आणि मालक म्हणतो ‘मोजणी झालेली नव्हती, मला माझंच वाटलं’, तेव्हा उत्तर हेच. ट्रॅक्टर चिखलात घसरून पलीकडे गेला तर ती गोष्ट निराळी; तो निष्काळजीपणाचा प्रश्न होतो.

आता एकेक कृती घेऊ.

खोरं उगारणं. कायद्याच्या मराठीत याला ‘हमला’ म्हणतात, आणि इथंच भाषा आपल्याला फसवते. वर्तमानपत्रात हमला म्हणजे हल्ला, मार बसलेला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३० मध्ये आणि अपकृत्याच्या कायद्यातही हमला म्हणजे समोरच्याच्या मनात आत्ता, या क्षणी आपल्यावर बळ वापरलं जाईल अशी रास्त धास्ती निर्माण करणं. स्पर्श व्हायची गरज नाही. १८३० च्या स्टीफन्स विरुद्ध मायर्समध्ये सभेत चिडलेला माणूस मूठ आवळून अध्यक्षाच्या रोखानं निघाला आणि वाटेतच अडवला गेला. तरी हमला ठरला. भरपाई मिळाली एक शिलिंग, हेही लक्षात ठेवा. उलट आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचा १९६४ चा निकाल बघा. ११ रुपये ६० पैशांच्या शेतसाऱ्याच्या थकबाकीसाठी गावचा मुन्सफ (सारा वसूल करणारा गावकामगार) शेतकऱ्याच्या दारी गेला, कानातल्या कुड्या जप्त करतो म्हणाला, सोनारालाही बोलावलं. सोनार आला, पण कुणी हात लावला नाही, लावण्याचा आव आणला नाही, आणि दुसऱ्या कुणीतरी पैसे भरून टाकले. हमला ठरला नाही, कारण बळाची धास्ती त्या क्षणाला भिडलेली नव्हती.

तुमच्या निवेदनात एक वाक्य आहे, त्याच्यापाशी मी बराच वेळ थांबलो. पुतण्या म्हणाला: ‘आण्णा, तुम्ही वडिलांच्या जागी आहात म्हणून सोडतोय, नाहीतर इथंच आडवा केला असता.’ हे वाक्य त्याचा वकील वापरणार, नक्की. १६६९ च्या टर्बरव्हिल विरुद्ध सॅव्हेजमध्ये एकानं तलवारीच्या मुठीवर हात ठेवून म्हटलं की न्यायाधीशांचा दौरा गावात नसता तर मी तुझं हे बोलणं ऐकून घेतलं नसतं. न्यायालय म्हणालं, शब्दांनीच धमकी पुसली. दौरा होता, म्हणजे मारणार नव्हता. तेव्हा वडिलांना शांतपणे विचारा: हे वाक्य खोरं खांद्यावर असताना आलं की खाली घेतल्यावर? ढकलण्याच्या आधी आलं की नंतर? खोरं आधी उगारलं असेल तर हमला तिथंच पुरा झाला, मागून आलेल्या वाक्यानं तो पुसला जात नाही. दोघांमध्ये अंतर किती होतं, मध्ये चारी होती का, एका पावलात तो पोचला असता का, हेही आत्ताच लिहून घ्या. मात्र त्यांच्या तोंडून येईल तेच लिहा. तुम्ही कायदा शिकताय, नकळत उत्तर सुचवाल.

ढकलणं. इंग्रजीतल्या बॅटरीला मराठीत मारहाण म्हणतात, तेही अपुरंच. संमतीशिवाय, कायदेशीर कारणाशिवाय दुसऱ्याच्या अंगावर मुद्दाम बळ वापरलं की झालं. इजा व्हावी लागत नाही. रागानं केलेला हलकासा स्पर्शही बॅटरी, हे १७०४ च्या कोल विरुद्ध टर्नरपासून चालत आलंय. एसटीत गर्दीत धक्का लागतो, तो रोजच्या जगण्यातला स्पर्श म्हणून सोडला जातो. इथं ढकललं, माणूस पडला, मनगट मुरगळलं. घटक पुरे होतात. वडिलांचं हाड आधीच ठिसूळ होतं म्हणून जास्त लागलं, असं तो म्हणाला तरी उपयोग नाही. ज्याच्यावर हात टाकला तो जसा असेल तसाच स्वीकारावा लागतो. बळ अंगाला थेटच लागलं पाहिजे असंही नाही. खुर्ची ओढून घेणं, अंगावर पाणी फेकणं, बैल अंगावर सोडणं, सगळं यात येतं.

फोन. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू हिसकावणं म्हणजे जंगम वस्तूवरचं अतिक्रमण, आणि तीन दिवस मालकाला नाकारून ठेवणं हे आणखी पुढचं पाऊल. दुरुस्तीचं बिल लावा, तीन दिवसांचं नुकसान दाखवता आलं तर दाखवा, आणि पुढे चला. ‘ते माझं शूटिंग करत होते’ हा हिसकावण्याचा परवाना होत नाही.

आता कडी. माझ्या मते तुमचा दावा इथंच जिंकला जाईल किंवा हरला जाईल. घटक दोन आहेत: हालचालीवर सर्व बाजूंनी पुरतं बंधन, आणि त्याला कायदेशीर आधार नसणं. वेळ किती, हा भरपाईचा मुद्दा. पाच मिनिटंही पुरतात. बंधन मात्र पुरतं हवं. १८४५ च्या बर्ड विरुद्ध जोन्समध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ पुलाचा एक भाग होड्यांची शर्यत बघणाऱ्यांसाठी अडवला होता. वादीला पुढे जाऊ दिलं नाही, पण मागे फिरायला वाट मोकळी होती. म्हणून डांबणं ठरलं नाही. वाजवी आणि सुरक्षित सुटकेची वाट असेल तर दावा ढासळतो.

हे मी स्वतः हरून शिकलोय. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कामगाराचा दावा होता. मालकानं चोरीच्या संशयावरून त्याला दोन तास गोदामात ठेवलं होतं. मी दाव्यात एका दमात लिहून टाकलं: ‘कुलूप लावून डांबले व मारहाण केली.’ उलटतपासात विचारलं गेलं, कुलूप होतं की कडी? तो प्रामाणिक माणूस, म्हणाला, ‘कुलूप नव्हतं साहेब, दार नुसतं लोटलेलं होतं, पण बाहेर दोन माणसं उभी होती.’ बाहेर उभी असलेली ती माणसंच त्याचं बंधन होती. पाऊल टाकलं असतं तर त्यांनी धरलं असतं, आणि त्या धास्तीनं जागेवर राहावं लागणं हेही डांबणंच. पण माझ्या दाव्यात त्या माणसांबद्दल अक्षर नव्हतं. होतं ते कुलूप, आणि ते खोटं ठरलं. मारहाणीपुरता हुकूम झाला, डांबण्याचा भाग गेला. त्या दिवसापासून मी दावा लिहिण्याआधी दाराचं चित्र काढायला लावतो. दार आत उघडतं की बाहेर, कडी कोणत्या बाजूला, खिडकीला गज आहेत का, बाहेर कोण उभं होतं. तुमच्या मोटारीच्या खोलीला खिडकी आहे का? त्यातून ६२ वर्षांच्या, मनगट दुखावलेल्या माणसाला उतरता येईल का? खाली काय आहे? फोन काढून घेतलेला होता, म्हणजे हाक मारण्याचाही मार्ग बंद केला होता, हे नक्की मांडा.

एनसीबद्दल इथंच सांगतो. गैरपरिरोध, म्हणजे असं डांबणं, न्याय संहितेच्या कलम १२७ खाली दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास करायचा असतो. जबाबात कडीचा उल्लेख असताना नुसती एनसी होणं बरोबर नव्हतं. एनसीची प्रत काढा आणि कडीचं वाक्य त्यात आहे का बघा. नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवण्याचा आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग आहे. पण फौजदारी होईपर्यंत दिवाणी थांबवू नका. दोन्ही स्वतंत्र चालतात. फौजदारीत संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, दिवाणीत कोणाची बाजू अधिक संभाव्य एवढंच तोलतात. तिकडे निर्दोष सुटला तरी इकडे भरपाई द्यावी लागू शकते.

‘पाणीचोर’ हा शब्द सरपंच आणि गावकऱ्यांसमोर उच्चारला, म्हणजे बदनामीचे घटक दिसतात: वडिलांना उद्देशून, इज्जतीला बाधक, आणि तिसऱ्याच्या कानावर पडलेला. दिवाणीत सत्य हा पूर्ण बचाव आहे. मी हा भाग दाव्यात ठेवीन, पण त्यावर जोर देणार नाही. भरात बोललेल्या एका शब्दावर भर दिला की न्यायाधीशांचं लक्ष कडीवरून उडतं.

आता त्याचा बचाव, आणि तुमची दुखरी बाजू. वडील त्याच्या हद्दीत विनापरवानगी गेले. जमिनीवरच्या अतिक्रमणाला नुकसान दाखवावं लागत नाही, एक पाऊल पुरतं. तो कैफियतीबरोबर (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराबरोबर) प्रतिदावा करू शकतो, आदेश ८ नियम ६-अ खाली. ‘आमच्याकडून काहीच झालं नाही’ असं लिहू नका. ‘गेले होते’ असं कबूल करा, आणि आपला बचाव मांडा.

तो बचाव आहे निकडीचा. मोठं नुकसान टाळायला, दुसरा वाजवी मार्ग नसताना, रास्त तेवढीच कृती केली, तर परक्याच्या जमिनीत जाणं माफ होतं. १९१२ च्या कोप विरुद्ध शार्पमध्ये आग पसरू नये म्हणून मालकाच्या माळावरचं थोडं रान आधीच जाळलं गेलं. आग पुढे मालकाच्या माणसांनीच विझवली, म्हणजे मागाहून बघता जाळण्याची गरजच नव्हती. तरी बचाव टिकला, कारण त्या क्षणी धोका खरा होता आणि कृती वाजवी होती. अमेरिकेतले दोन खटले तुमच्या प्रसंगाला आणखी जवळचे आहेत. आपल्या न्यायालयांवर ते बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादाला वजन देतात. व्हरमाँटमध्ये १९०८ च्या प्लूफ विरुद्ध पटनममध्ये वादळात सापडलेल्या कुटुंबानं आपली नाव एका खासगी बेटाच्या धक्क्याला बांधली आणि मालकाच्या नोकरानं ती सोडून दिली. नाव फुटली, माणसं जखमी झाली. निकाल असा की निकडीनं आलेल्याला हुसकावण्याचा मालकाला हक्कच नव्हता. हुसकावणं हेच अपकृत्य. दुसरा मिनेसोटाचा, १९१० चा. वादळात जहाज धक्क्याला बांधून ठेवणं योग्य ठरलं, पण धक्क्याचं जे नुकसान झालं ते जहाजवाल्यानं भरायचं, ५०० डॉलर. म्हणून मला नेमकं कळवा: पाणी पिकात किती वेळ साचलं होतं, किती गुंठे बुडालं होतं, पुतण्याला आधी फोन केला होता का, चारीतला कचरा काढून कुठे टाकला, त्याचं पीक मोडलं का. चारी फक्त मोकळी केली असेल तर बाजू चांगली आहे. बांध फोडून पाणी त्याच्या रानात सोडलं असेल तर ही सगळी इमारत कोसळते, आणि ते मला आत्ताच कळलं पाहिजे, उलटतपासात नव्हे.

जाता जाता: यंदा पावसात त्यानं चारी पुन्हा अडवली तर फावडं घेऊन जायचं नाही. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, त्याच्या कलम ५ खाली पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहातला अडथळा काढण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो.

समजा न्यायालयानं निकड मानली नाही आणि वडील अतिक्रमण करणारेच ठरले. तरी पुतण्या सुटतो का? मालमत्तेच्या रक्षणाला मर्यादा आहेत. शांतपणे आलेल्याला आधी बाहेर जायला सांगायचं, वेळ द्यायचा, आणि तो गेला नाही तर बाहेर काढण्यापुरतंच बळ वापरायचं. तुमच्या सांगण्यानुसार ‘बाहेर व्हा’ हे शब्द आलेच नाहीत, आलं ते खोरं. आणि मुख्य मुद्दा असा की हद्दीतून बाहेर काढण्याच्या हक्कात आत कोंडण्याचा हक्क येत नाही. बाहेर काढायचं होतं तर बांध वीस फुटांवर होता. त्यानं वडिलांना उलट दिशेला, खोलीत नेलं. नकाशावर ही दोन अंतरं दाखवली की बचावाचं बरंचसं उत्तर तिथंच मिळतं.

‘चोर पकडला’ म्हणून तो नागरिकाच्या अटकेच्या अधिकाराकडेही वळेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम ४० खासगी माणसाला अटक करू देतं, पण आपल्या समोर घडलेल्या, अजामीनपात्र आणि दखलपात्र अशा दोन्ही प्रकारांत बसणाऱ्या गुन्ह्यासाठीच, किंवा उद्घोषित (न्यायालयानं फरार म्हणून जाहीर केलेल्या) गुन्हेगाराला. फौजदारीपात्र अतिक्रमण दखलपात्र असलं तरी जामीनपात्र आहे. शिवाय पकडलेल्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करायचं असतं. त्यानं फोन केला सरपंचांना, ठाण्याला नाही. गावात चोर म्हणून खांबाला बांधणारे, दुकानात ग्राहकाला आतल्या खोलीत बसवून ठेवणारे, सगळे याच गैरसमजात असतात.

स्वसंरक्षणाचा बचाव घेत तो म्हणेल: ‘त्यांच्या हातात फावडं होतं.’ हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे. धोका खरा किंवा रास्तपणे खरा वाटणारा हवा, प्रतिकार तेवढ्याच मापाचा हवा, आणि धोका संपला की प्रतिकारही संपतो. फावडं चारीत होतं की हातात उचललेलं? १९६८ च्या लेन विरुद्ध हॉलोवेमध्ये ६४ वर्षांच्या माणसानं आधी २३ वर्षांच्या तरुणाच्या खांद्यावर ठोसा मारला होता. तरुणानं उलट इतका जबर मारला की १९ टाके पडले. म्हाताऱ्यानं सुरुवात केली, चिथावलं, हे सगळं मान्य होऊनही प्रतिकार प्रमाणाबाहेर म्हणून तरुण जबाबदार ठरला आणि प्रत्यक्ष इजेची भरपाई चिथावणीमुळे कमी झाली नाही. वडिलांनी आधी शिवी दिली असेल तर मला लपवू नका. शिवी हा धक्क्याचा बचाव होत नाही.

प्रमाणाची ही अट जीवघेणी कशी ठरते ते आपल्या भागात दरवर्षी दिसतं. रानडुकरांसाठी म्हणून पिकाभोवती उघड्या तारेत वीज सोडतात आणि रात्री पाणी द्यायला निघालेला कुणी तिथं मरून पडतो. ‘माझ्या शेतात तो आलाच कशाला’ हे उत्तर सर्वोच्च न्यायालयानं चेरुबिन ग्रेगरीच्या बिहारमधल्या खटल्यात, १९६३ मध्येच, नाकारलंय. तिथं शौचालयात परके येऊ नयेत म्हणून विजेची तार लावली होती आणि तिला लागून एक बाई मेली. अतिक्रमण करणारा म्हणून माणसाचा जीव बेवारस होत नाही. मी अशा दोन घरांत बसलोय, आणि जिथं जातो तिथं शेतकऱ्यांना हे सांगतो.

संमतीचा बचाव तुमच्या प्रसंगात नाही, पण परीक्षेसाठी एवढं ठेवा: संमती ज्याला दिली तेवढ्यालाच. कबड्डीत पकडीला संमती असते, शिट्टीनंतरच्या लाथेला नसते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की तपासणीच्या दुर्बिणीला दिलेली संमती गर्भाशय काढण्याला चालत नाही. रुग्ण भुलीखाली असताना आईची सही घेतली तरी नाही, कारण रुग्ण सज्ञान होती आणि जिवाची तातडी नव्हती. शिक्षकांचा शिस्तीचा जुना बचाव २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेपुरता जवळपास संपवलाय.

भरपाईबद्दल खरं सांगतो. आपली न्यायालयं अशा दाव्यांत मोठ्या रकमा देत नाहीत, आणि निकालाला वर्षं लागतात. १९८५ मध्ये जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंग यांना विधानसभेला जाऊ नये म्हणून पोलिसांनी बेकायदा अडकवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं ५० हजार दिले होते, आणि तो निकाल मोठा गणला गेला. कोर्ट फी मागणीच्या प्रमाणात लागते, म्हणून रागाच्या भरात २५ लाख लिहू नका. दवाखाना, मोडलेली मजुरी, फोन, आणि अपमान व यातनांपोटी वाजवी आकडा लिहा. वृद्ध नातेवाइकाला गावासमोर कोंडलं, ही गोष्ट रक्कम वाढवण्याचं कारण म्हणून स्पष्ट मांडा. आणि वडिलांना विचारा, त्यांना पैसे हवेत की तो ‘चोर’ शब्द पुसून हवाय. भावकीच्या दाव्यांत बहुतेकदा दुसरंच उत्तर येतं, आणि मग तडजोडीत लेखी माफी व चारीचा लेखी हक्क घेता येतो.

कामाला आजच लागा. ग्रामीण रुग्णालयाचा त्या दिवसाचा केसपेपर, एनसीची प्रत, फोनचं बिल, सरपंच आणि पोलीस पाटील यांची कडीबद्दलची साक्ष, त्या दिवसाची कॉल यादी. फोनमध्ये काही चित्रण झालं असेल तर फोन तसाच जपून ठेवा. त्या चित्रणासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र लागेल. आणि त्या खोलीच्या दाराचा, कडीचा, खिडकीचा फोटो काढा. तो मात्र तुमच्याच बांधावरून, झूम करून. त्याच्या रानात पाऊल टाकू नका. या वेळी निकड नाही. जवळून बघायचं असेल तर दावा दाखल झाल्याबरोबर आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर (न्यायालयातर्फे जागेची पाहणी करणारा) मागू, आणि तो बघेपर्यंत दार आहे तसं ठेवण्याचा हुकूमही सोबत मागू.